नोकरी, वावर आणि पदवी : वेळेचा हिशेब आधी मांडा, प्रवेश मग घ्या

अंगणवाडी सेविका, आशा, ग्रामपंचायतीतला संगणक परिचालक, कृषी केंद्रावरचा मुनीम, बुटीबोरीच्या कंपनीत पाळीवर जाणारा कामगार, घरचं चार एकर वावर सांभाळून तालुक्याला नोकरी करणारा माणूस. यांतल्या कुणी मुक्त विद्यापीठातून, म्हणजे नोकरी न सोडता घरी अभ्यास करून, पदवीला प्रवेश घ्यायचं ठरवलं की पहिला प्रश्न फीचा असतो, दुसरा विषयांचा. वेळेचा प्रश्न निघतो तो पहिल्या परीक्षेच्या आठ दिवस आधी, आणि तोवर पुस्तकांचा गठ्ठा सुतळीही न सोडता कपाटावर पडलेला असतो.

बुद्धी कमी पडली म्हणून पदवी सुटते, असं क्वचितच घडतं. ती बहुतेकदा सुटते जून आणि डिसेंबरमध्ये. जूनमध्ये पेरणी असते, डिसेंबरमध्ये कापूस वेचणी आणि तूर, आणि परीक्षाही नेमक्या याच दोन महिन्यांच्या आसपास येतात. त्यामुळे रोज किती तास अभ्यास करायचा, या प्रश्नाने सुरुवात केली तर विदर्भातल्या खेड्यात वेळापत्रक टिकत नाही. आधी वर्षातले आठवडे मोजा, तासांकडे मग वळा.

आधी आकडा समजून घ्या

नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांची पदवी किमान १२० श्रेयांकांची (क्रेडिटची) आहे आणि चार वर्षांची ऑनर्स १६० ची. मुक्त आणि दूरस्थ शिक्षणात एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास. पुस्तक वाचणं, संपर्कसत्राला म्हणजे अभ्यासकेंद्रावरच्या वर्गाला जाणं, असाइनमेंट म्हणजे घरून लिहून द्यायची उत्तरं लिहिणं, उजळणी हे सगळं त्या ३० तासांत धरलेलं असतं. म्हणजे १२० श्रेयांकांना ३,६०० तास लागतात. तीन वर्षांत ते बसवायचे तर वर्षाला १,२०० तास होतात, आणि ५२ पैकी एकही आठवडा वाया न घालवता आठवड्याला २३ तास पडतात.

हा आकडा पाहून घाबरू नका, पण त्याकडे डोळेझाकही करू नका. विषयागणिक तो असा फुटतो. चार श्रेयांकांच्या एका विषयात साधारण १६ घटक, म्हणजे पुस्तकातले धडे, धरा. नीट समजून वाचायला घटकाला ३ तास, म्हणजे ४८. असाइनमेंटला १४. संपर्कसत्र आणि त्याचं जाणंयेणं १६. उजळणीला २०. जुन्या चार प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवायला १२. बेरीज ११० तास. विषय सवयीचा असेल, मराठी वाचनाचा सराव असेल आणि उद्देश चांगल्या गुणांपेक्षा पदवी मिळवण्याचा असेल, तर हेच काम आटोपशीरपणे असं होतं : घटकाला २ तासांप्रमाणे ३२, असाइनमेंट १०, उजळणी १६, तीन प्रश्नपत्रिका ९. म्हणजे ६७, आपण ७० धरू. याच्या खाली जाऊन नियोजन करू नये. 'गाइड आणून आठ दिवसांत काढतो' म्हणणारे एखाद्या विषयात निघून जातात, पण पदवीसाठी असे ३० विषय काढायचे असतात.

वर्षात तुमच्या हातात किती आठवडे आहेत

एक कोरी वही घ्या आणि मागचं वर्ष आठवून लिहा. कापूस-सोयाबीन-तूर घेणाऱ्या घरात हिशेब साधारण असा लागतो. मृग लागल्यापासून पेरणी, खाडे भरणं, खत यांत ३ आठवडे जातात. जुलैत डवरणी आणि निंदण यांचे २. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सोयाबीनची सोंगणी आणि मळणी ३. दिवाळीचा १. पुढे वेचणी आणि हरभऱ्याची पेरणी मिळून ४. तूर कापणं आणि काढणं २. उन्हाळ्यातल्या लग्नसराईचे २. एकूण १७ आठवडे गेले. उरले ३५.

या ३५ आठवड्यांवरच सगळा हिशेब मांडायचा. तीन वर्षांत पदवी हवी तर वर्षाला १० विषय, आटोपशीर ७० तासांनी ७०० तास, म्हणजे आठवड्याला २० तास. पाच वर्षांत करायची तर वर्षाला ६ विषय, ४२० तास, आठवड्याला १२ तास. चांगल्या गुणांसाठी ११० तासांचा हिशेब धरला तर पाच वर्षांतही आठवड्याला १९ तास पडतात. पूर्णवेळ नोकरी आणि वावर दोन्ही असणाऱ्या माणसाकडे आठवड्याचे १२ तास निघतात, कधी १४. २० तास निघणं फार कठीण. म्हणून आमचं स्पष्ट मत आहे की दोन्ही जबाबदाऱ्या असतील तर पहिल्या दिवसापासून पाच वर्षांची पदवी धरून चला. तीन वर्षांची धरली आणि पाच लागली तर मागे राहिल्यासारखं वाटतं, आणि दुसऱ्या वर्षी माणूस पुस्तक ठेवून देतो. पाच धरली आणि पाचच लागली तर काम ठरल्याप्रमाणे चाललेलं असतं.

याला नियमांची आडकाठी नाही. इग्नूच्या, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या, तीन वर्षांच्या पदवीला किमान ३ आणि कमाल ६ वर्षं मिळतात. तिथे पहिल्या वर्षाचे सगळे विषय निघाले नसले तरी दुसऱ्या वर्षाची नोंदणी करता येते, आणि राहिलेला विषय मुदतीच्या आतल्या कुठल्याही सत्रांत परीक्षेला देता येतो. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात प्रवेश घेत असाल तर त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत नोंदणीची कमाल मुदत आणि पुढच्या वर्षात जाण्याची अट ही दोन पानं आधी वाचा. विषयांची यादी नंतर पाहिली तरी चालेल.

पीक बदललं की कॅलेंडर बदलतं

वरचा हिशेब यवतमाळ, वर्धा, अकोला, अमरावती, वाशीम, बुलडाणा या पट्ट्यातल्या कोरडवाहू घराचा आहे. अशा घराला अभ्यासाचे दोन मोठे तुकडे मिळतात. पहिला पोळ्याच्या आगेमागे : निंदण आटोपलं, सोयाबीन शेंगेवर आहे, साधारण ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. दुसरा तूर घरात आल्यावर, म्हणजे जानेवारीअखेरपासून मे महिन्याच्या मध्यापर्यंत. पहिला तुकडा सहा-सात आठवड्यांचा आणि दुसरा पंधरा-सोळा आठवड्यांचा. बाकीचे आठवडे विखुरलेले येतात, त्यांत फक्त उजळणी आणि असाइनमेंट होते. नवं पुस्तक तेव्हा उघडू नये.

म्हणून डिसेंबरच्या परीक्षेला २ विषय घ्या आणि जूनच्या परीक्षेला ४. दोन्ही सत्रांत तीन-तीन घेणं कागदावर बरं दिसतं, पण हिवाळ्यातला तिसरा विषय हमखास मागे राहतो. जूनच्या चार विषयांचं पहिलं वाचन एप्रिलअखेर आणि उजळणी १५ मेपर्यंत पूर्ण झाली पाहिजे. त्यानंतर बियाणं, खत, पीककर्जाची धावपळ सुरू होते, आणि पहिला पाऊस पडला की घरातला कुणीही वावर सोडून पुस्तकाजवळ बसत नाही, बसूही नये. पेरणीच्या दिवसांत फक्त परीक्षेला जायचं, नवीन काही वाचायचं नाही, अशी तयारी मेमध्येच झालेली असावी.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या धानपट्ट्यात चित्र वेगळं आहे. तिथे जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी असते आणि त्या महिन्यांत अभ्यास शून्य धरायचा. रोवणी आटोपली की सप्टेंबर-ऑक्टोबर मोकळा मिळतो, हलकं धान आधी कापायला येत असेल तर थोडा कमी. म्हणून डिसेंबरच्या परीक्षेची तयारी या दोन महिन्यांत होऊ शकते. एकच पीक घेणाऱ्याला डिसेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंतही वेळ असतो. पण मोह वेचायला आणि तेंदूपत्त्याला जाणारं घर असेल तर मार्चअखेरपासून मे महिन्यापर्यंतचे दिवस त्यात जातात, आणि तो पैसा सोडून अभ्यास करा असं सांगणं बरोबर नाही. अशा घरात वाचन मार्चच्या आधी संपवायचं.

वरूड-मोर्शी-काटोलकडे संत्र्याचा अंबिया बहार ऑक्टोबर ते डिसेंबर तोडणीला येतो आणि मृग बहार फेब्रुवारीनंतर. दोन्ही बहार घेणाऱ्याला मोठा तुकडा मिळत नाही. त्याने आठवड्याचे १० तास धरून सहा वर्षांचा हिशेब करावा.

नोकरीचाही हंगाम असतो, तोही वहीत लिहा. कृषी केंद्रावर मे ते जुलै उसंत नसते. हिंगणघाट, वणी, यवतमाळच्या जिनिंगमध्ये काम करणाऱ्याचे नोव्हेंबर ते मार्च पाळीत जातात. आशाचा लसीकरणाचा दिवस आणि अंगणवाडी सेविकेचे महिनाअखेरचे अहवाल ठरलेले असतात, त्या दिवशी अभ्यास ठेवूच नये. पंचायतीत काम करणाऱ्याला मार्चअखेर जड जाते.

आठवड्याचे १२ तास कुठून काढायचे

सोमवार ते शनिवार रोज दीड तास म्हणजे ९, आणि रविवारी किंवा सुटीच्या दिवशी ३. असे १२ होतात. दीड तास सलग न बसता ४५ मिनिटांच्या दोन बैठका करा. बरीच वर्षं पुस्तकाबाहेर राहिलेल्या माणसाचं लक्ष सुरुवातीला २० मिनिटांतच उडतं. पहिले तीन आठवडे २५ मिनिटांची बैठक ठेवा आणि मग वाढवा. पहिल्याच दिवशी दोन तास बसणारा चौथ्या दिवशी बसत नाही.

वेळ कोणती, हे घरावर अवलंबून आहे. पुरुषांना पहाटे साडेचार ते सहा जमतं. बायकांना ही वेळ सुचवणारे लोक सकाळचं घर पाहत नाहीत : नळाचं पाणी, चूल, डबे, ढोरांचं शेण, मुलांची शाळा. त्यांना दुपारी दोन ते साडेतीन किंवा रात्री नऊनंतरची वेळ जास्त टिकते. उन्हाळ्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा दुपारच्या वाचनावर भरवसा ठेवू नका. पत्र्याच्या घरात त्या वेळी डोकं चालत नाही. एप्रिल-मेमध्ये बैठक पहाटे किंवा रात्री अंगणात हलवा आणि दुपारी फक्त असाइनमेंट उतरवा.

रब्बीत आणखी एक अडचण येते. कृषिपंपाची थ्री-फेज वीज पाळीपाळीने दिवसा आणि रात्री मिळते. रात्रपाळीच्या आठवड्यात हरभरा ओलवायला वावरात जायचं, म्हणजे पहाटेची बैठक गेलीच. तुमच्या फीडरची पाळी लाइनमनला विचारून भिंतीवर लिहून ठेवा. दिवसा वीज असलेल्या आठवड्यात १५ तास आणि रात्रीच्या आठवड्यात ९, अशी सरासरी १२ येते. प्रत्येक आठवडा सारखा धरला की दुसऱ्याच आठवड्यात वेळापत्रक मोडतं.

घरच्यांशी बोलणं हा या हिशेबातला सगळ्यात नाजूक भाग आहे, आणि तो टाळला जातो. 'मला अभ्यासाला वेळ द्या' असं मोघम म्हणून काही मिळत नाही. नेमकं सांगा : 'दुपारी दोन ते साडेतीन मी पुस्तकाजवळ असेन. तेवढ्या वेळात पाहुणे आले तर चहा सासूबाई करतील, आणि पाण्याची पाळी नवरा पाहील.' कोणतं काम कोणाकडे गेलं, हे नाव घेऊन ठरलं पाहिजे. सून शिकते आहे हे घराला मान्य असतं, पण तिचं काम कोणी करायचं हे ठरलेलं नसतं. ते ठरलं नाही तर तिचा अभ्यास झोपेतून कापला जातो, आणि झोपेतून कापलेला अभ्यास दोन महिन्यांपलीकडे जात नाही.

प्रवासाचा वेळही वापरा, पण त्याचा जास्त हिशेब धरू नका. हलत्या एसटीत वाचून काही लक्षात राहत नाही. त्याऐवजी प्रत्येक घटकाचे पाच-सात मुख्य मुद्दे स्वतःच्या आवाजात मोबाइलवर बोलून ठेवा, आठ-दहा मिनिटांचे. बसमध्ये, वेचणीच्या वेळी, ढोरं चारताना ते ऐका. पऱ्हाटीच्या ओळीत दोन तासांत असे दहा घटक ऐकून होतात, आणि वेचणीही थांबत नाही.

पुस्तकं मोबाइलवर आधीच उतरवून घ्या. इग्नूची पुस्तकं ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर मोफत आहेत आणि नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचीही ई-पुस्तकं मिळतात. टपालाने गठ्ठा यायला उशीर झाला म्हणून सत्राचे दोन महिने वाट पाहत बसणारे पुष्कळ असतात. तालुक्याला गेलात की चांगल्या रेंजमध्ये सगळ्या विषयांची पुस्तकं आणि मागच्या प्रश्नपत्रिका एकदाच उतरवा.

प्रवेशाचे कागद : दोन दिवस नव्हे, दोन महिने

हा वेळ कुणीही धरत नाही. आता मुक्त आणि ऑनलाइन शिक्षणाच्या प्रवेशासाठी एबीसी क्रमांक (मिळवलेले श्रेयांक जमा होणाऱ्या ऑनलाइन खात्याचा) आणि यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, डीईबी आयडी (दूरस्थ शिक्षणासाठीचा ओळख क्रमांक) लागतो. दोन्हीची साखळी आधारपासून सुरू होते, म्हणून आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू हवा. तो बंद पडलेला असेल तर ओटीपी येत नाही आणि काम तिथेच थांबतं. प्रवेशाच्या दोन महिने आधी आधार केंद्रावर जाऊन मोबाइल क्रमांक, नाव आणि जन्मतारीख तपासून घ्या.

लग्न झालेल्या बायकांचं गाडं नावावर अडतं. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका माहेरच्या नावाच्या, आधार सासरच्या नावाचं. दोन मार्ग आहेत. पहिला, गुणपत्रिकेवरच्याच नावाने प्रवेश घ्यायचा. मग आधारवरही तेच नाव लागेल. दुसरा, विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि राजपत्रातल्या नावबदलाची प्रत जोडायची. दुसऱ्या मार्गाला वेळ लागतो. विवाह नोंदणी झालेली नसेल तर ग्रामपंचायतीतून आधी ती करून घ्या, मग राजपत्राचा अर्ज करा. हे काम प्रवेशाची मुदत चालू असताना सुरू केलं तर ते सत्र हातचं जातं.

शिवाय शाळा सोडल्याचा दाखला, बारावीची गुणपत्रिका, जातीचं प्रमाणपत्र, मधल्या वर्षांच्या खंडाचं शपथपत्र. प्रत्येकाच्या स्कॅन केलेल्या प्रती एका फोल्डरमध्ये ठेवा आणि त्याची एक प्रत ई-मेलवर टाका. पुढची पाच वर्षं हेच कागद पुन्हा पुन्हा लागतात.

विद्यापीठ आणि तो अभ्यासक्रम यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या मान्य यादीत आहेत ना, हे स्वतः पाहा. मान्य मुक्त पदवी ही नियमित पदवीच्या बरोबरीची असल्याचं यूजीसीने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. उलट, नियमित महाविद्यालयात नाव घालून 'हजेरीचं आम्ही पाहतो, तुम्ही फक्त परीक्षेला या' असं सांगणाऱ्याच्या नादी लागू नका. नियमित पदवीला ७५ टक्के हजेरीची अट असते. नोकरीच्या हजेरीपटावर आणि महाविद्यालयाच्या हजेरीपटावर एकाच दिवशी तुमची सही असेल, तर पुढे पडताळणीत नोकरी आणि पदवी दोन्ही अडचणीत येतात.

अभ्यासक्रम निवडताना तासांसोबत दिवसही पाहा. बी.ए. आणि बी.कॉम.चा अभ्यास घरी बसून होतो. बी.एस्सी.त प्रयोगशाळेचे सलग दिवस येतात आणि तेवढी रजा लागते. अभियांत्रिकी, फार्मसी, नर्सिंग, कायदा यांची पदवी दूरस्थ पद्धतीने मान्यच नाही, कुणी देतो म्हणाला तर पैसे भरू नका. तलाठी, राज्यसेवा यांसारख्या परीक्षांना कोणत्याही शाखेची मान्य पदवी चालते. पण कीटकनाशक विक्रीच्या परवान्यासाठी शेती किंवा विज्ञानाचं शिक्षण लागतं, तिथे बी.ए.ची पाच वर्षं कामी येणार नाहीत. कशासाठी पदवी हवी, हे ठरवायला एक संध्याकाळ नक्की द्या.

एका सत्राची चाल

समजा तुम्ही जूनच्या परीक्षेला चार विषय घेतले आहेत आणि जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात बसला आहात. १५ मेपर्यंत १६ आठवडे मिळतात. त्यांतले लग्नसराईचे दोन वजा केले की १४. चार विषयांना ७० तासांनी २८० तास लागतात, म्हणजे आठवड्याला २०. हे १२ पेक्षा जास्त आहे, आणि इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. म्हणून या चार विषयांतल्या एकाचं पहिलं वाचन आणि दुसऱ्याचं अर्धं वाचन पोळ्याच्या तुकड्यातच उरकून ठेवायचं, आणि चारही असाइनमेंट दिवाळीनंतरच्या विखुरलेल्या आठवड्यांत थोड्या थोड्या लिहायच्या. त्या वर्षीचे असाइनमेंटचे प्रश्न विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आले की लगेच उतरवून घ्या, कारण मागच्या वर्षीचे प्रश्न सोडवले तर सगळं लेखन वाया जातं. वाचनाचे ४८ आणि असाइनमेंटचे ४० तास असे आधी निघाले की उरतात १९२, म्हणजे आठवड्याला १४ च्या आत. शेतीचं काम कमी असलेल्या महिन्यांत १४ निघतात.

वाचनाचा क्रम असा ठेवा : एका वेळी दोनच विषय, एक जड आणि एक हलका. चार विषय एकदम उघडले की प्रत्येकाचे पहिले तीन घटक चार वेळा वाचून होतात आणि शेवटचे घटक कोरे राहतात. घटक वाचून झाला की पुस्तक मिटवून अर्ध्या पानात काय कळलं ते लिहा. लिहिता आलं नाही तर तो घटक झालेला नाही. या अर्ध्या पानांचीच पुढे उजळणीची वही होते, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री पूर्ण पुस्तक उघडावं लागत नाही.

असाइनमेंटला किरकोळ समजू नका. इग्नूमध्ये बहुतेक विषयांत ३० टक्के गुण असाइनमेंटचे आणि ७० टक्के सत्रांत परीक्षेचे असतात, आणि बी.ए.ला दोन्हींत वेगवेगळे किमान ३५ टक्के मिळवावे लागतात. दोन मोठी उत्तरं, तीन मध्यम आणि पाच लहान, असा साचा असेल तर सव्वादोन हजार शब्दांच्या आसपास हाताने लिहायचं असतं. नुसतं उतरवायलाच तीन तास लागतात, विचार करून लिहायला दहा. रोज एक उत्तर धरलं की दहा दिवसांत संपते. आयतं उत्तर आणून उतरवलं तरी ते तीन तास जातातच, आणि परीक्षेसाठी हाती काही उरत नाही. देताना पोच घ्या आणि सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा. असाइनमेंटचे गुण निकालात चढलेच नाहीत, अशी तक्रार दर सत्रात असते, आणि पोच नसली तर पुन्हा लिहून देण्यापलीकडे मार्ग उरत नाही.

आता सगळ्यात जास्त वर्षं वाया घालवणारी गोष्ट. प्रवेश घेतला म्हणजे परीक्षेला बसता येतं असं नाही. परीक्षेचा अर्ज वेगळा भरावा लागतो, त्याची फी वेगळी, मुदत वेगळी. जूनच्या परीक्षेचा अर्ज साधारण मार्च-एप्रिलमध्ये आणि डिसेंबरचा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुटतो. पुढच्या वर्षाची नोंदणी हा तिसरा वेगळा अर्ज. सोयाबीन मळणीच्या धामधुमीत सप्टेंबरची तारीख निघून जाते आणि डिसेंबरमध्ये हॉल तिकीट निघत नाही. विद्यापीठाचा एसएमएस येईल म्हणून थांबू नका. दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला संकेतस्थळ उघडून सूचना पाहायच्या, एवढं एक काम घरातल्या शिकणाऱ्या मुलाकडे सोपवा. अर्जात परीक्षाकेंद्र निवडताना जवळच्या केंद्राइतकंच बसच्या वेळेलाही महत्त्व द्या. वीस किलोमीटरवरच्या आडमार्गाच्या केंद्रापेक्षा चाळीस किलोमीटरवरचं हमरस्त्यावरचं केंद्र सोयीचं पडतं.

परीक्षेचे दिवस

परीक्षा महिनाभर पसरलेली असते, तुमचे पेपर त्यात विखुरलेले. वेळापत्रक लागलं त्याच दिवशी रजेचा लेखी अर्ज हॉल तिकिटाच्या प्रतीसह द्या. हॉल तिकीट आलं नसेल तर वेळापत्रक जोडा. अंगणवाडी सेविकेने पर्यवेक्षिकेला महिनाभर आधी सांगितलं तर दिवस बदलून घेता येतात. सरकारी किंवा निमसरकारी नोकरीत असाल तर पदवीला प्रवेश घेतानाच लेखी परवानगी घ्या. नाहीतर पदोन्नतीच्या वेळी हीच पदवी सेवापुस्तकात नोंदवून घेताना अडते.

इग्नूचे पेपर सकाळी १० ते १ आणि दुपारी २ ते ५ अशा दोन पाळ्यांत असतात. सकाळच्या पेपरला साडेनऊपर्यंत केंद्रावर पोचायचं तर गावातून पहिली गाडी धरावी लागते, आणि एकच गाडी असेल तर आदल्या दिवशी तालुक्याला मुक्काम. मेळघाटात किंवा एटापल्ली-भामरागडकडे मुक्कामाशिवाय पेपर देता येत नाही. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. तिकडच्यांनी शक्य तेवढे विषय डिसेंबरलाच ठेवावे. महिलांना एसटीत मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, त्यामुळे मुक्कामाचा थोडा खर्च भरून निघतो.

आणखी एक गोष्ट, जी कागदावर दिसत नाही : हात. दहा-पंधरा वर्षं फक्त सही करणाऱ्या हाताला तीन तास लिहिणं जमत नाही. दीड तासात बोटं आखडतात, अक्षर बिघडतं, आणि येत असलेली उत्तरं सुटतात. परीक्षेच्या सहा आठवडे आधीपासून रोज एक पान वेगाने लिहा. शेवटच्या दोन आठवड्यांत रविवारी पूर्ण तीन तासांची प्रश्नपत्रिका एका बैठकीत सोडवा. उत्तर चुकलं तरी चालेल, पण बैठक मोडू नका. दिवसभर तूर कापून आलात तर त्या आठवड्यात हा सराव सोडून द्या, बोटांना विश्रांती हवी.

मध्येच अडलं तर

सगळी तयारी असूनही एखादं सत्र जातं : घरात आजारपण, बाळंतपण, अतिवृष्टीने पीक गेलं आणि बाहेरगावी मजुरीला जावं लागलं. अशा वेळी अर्ज न भरता गप्प बसण्यापेक्षा दोन कामं करा. पुढच्या वर्षाची नोंदणी चालू ठेवता येते का पाहा, आणि एकच सोपा विषय परीक्षेला ठेवा. एक विषय निघाला तरी सवय मोडत नाही.

मिळवलेले श्रेयांक वाया जात नाहीत. ते एबीसी खात्यात जमा होतात आणि कमाल सात वर्षांपर्यंत वापरता येतात. नव्या रचनेत पहिल्या वर्षाचे ४० श्रेयांक आणि ठरवून दिलेला चार श्रेयांकांचा व्यावसायिक भाग पूर्ण करून प्रमाणपत्र घेऊन थांबता येतं, दुसऱ्या वर्षानंतर ८० श्रेयांकांवर पदविका घेता येते, आणि पुन्हा येऊन पदवी करता येते. तुमच्या अभ्यासक्रमाला ही सोय लागू आहे का, हे प्रवेशाच्या वेळीच अभ्यासकेंद्रावर विचारून वहीत लिहून ठेवा.

शेवटच्या पेपरनंतरचा वेळही हिशेबात घ्या. निकाल, राहिलेले असाइनमेंटचे गुण चढवून घेणं, तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र, एकत्रित गुणपत्रिका यांत काही महिने जातात. भरतीच्या जाहिरातीत पात्रतेची एक तारीख दिलेली असते, आणि त्या तारखेआधी निकाल लागलेला असावा लागतो, नुसता पेपर दिलेला चालत नाही. एखाद्या भरतीवर डोळा ठेवून पदवी करत असाल तर शेवटचे विषय डिसेंबरला काढायचे की जूनला, हे चौथ्या वर्षातच ठरवा. वयोमर्यादेला दोन वर्षं उरली असतील तर पाचव्या वर्षासाठी एकही विषय मागे ठेवू नका. त्या चौथ्या वर्षी वावर बटईने द्या.